लोककार्य आणि समाजमाध्यमे : एक संवाद

संशयी : तालुक्यातील कार्यकर्त्यांसाठी आपण जो प्रशिक्षणवर्ग योजिला आहे, त्याचा मसुदा मी बारकाईने वाचला. व्हॉट्सॲपचा ग्रुप कसा चालवावा, शिवारातील कामाची लहानशी चित्रफीत कशी काढावी, ती यूट्यूबवर कशी चढवावी, फेसबुकवर संस्थेचे पान कसे राखावे, हे सर्व त्यात आहे आणि यांपैकी एकाही गोष्टीविरुद्ध माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती मसुद्यामागील गृहीताविरुद्ध. जे साधन इतरत्र करमणुकीसाठी आणि व्यापारासाठी चालते, ते कार्यकर्त्याच्या हाती पडले की लोककल्याणाचे होते, असे आपण धरून चालला आहात. आपल्या प्रांताला हा अनुभव नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संकुलाभोवतालच्या ७० गावांत, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीत, संगणककेंद्रे उभारण्याचा मोठा उपक्रम सरकारने आणि सहकारी संस्थांनी मिळून हाती घेतला होता. बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, सारे काही शेतकऱ्याला गावातच मिळावे, ही त्यामागची आकांक्षा उदात्त होती यात शंका नाही. पण पुढे संशोधक तेथे गेले, तेव्हा शेतकरी त्या केंद्रांवर मुख्यतः आपल्या उसाचे वजन, खताची उचल आणि खात्यावरील हिशेब विचारण्यासाठीच येत असल्याचे त्यांना आढळले. २००७ च्या सुमारास काही गावांत संगणक काढून तेच काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशांनी करून पाहिले, तर ते कमी खर्चात आणि तितकेच नीट झाले. ज्या कार्यकर्त्याला आधीच रात्री दहापर्यंत उसंत नसते, त्याच्या माथ्यावर हे नवे शिक्षण लादण्यापूर्वी आपण त्याची गरज तरी सिद्ध करावी.

पुरस्कर्ता : वारणेचे उदाहरण आपण दिलेत, पण ते मला माझ्याच बाजूचे वाटते. योजनाकारांनी काय योजिले यापेक्षा शेतकऱ्याने त्यातून काय उचलले याला अधिक मोल द्यावे, हेच तर त्या गावांनी शिकविले. आणि आज त्याच शेतकऱ्याने कोणाच्याही योजनेची वाट न पाहता स्वतःच्या पैशाने मोबाईल विकत घेतलेला आहे. आता गरजेविषयी. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी ती आपल्याकडील मक्यात उतरली. या अळीची ओळख पटणे हाच पहिला पेच होता, कारण मक्यावर येणाऱ्या इतर अळ्यांहून ती प्रथमदर्शनी वेगळी दिसत नाही. पोंगा उकलून पाहावा, तो आत लाकडाच्या भुश्यासारखी ओली विष्ठा साचलेली असते. अळी तळहातावर घेऊन निरखावी, तर डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीकडच्या एका खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत मांडल्यासारखे चार काळे ठिपके दिसतात. हे वर्णन छापील पत्रकात वाचून शेतकऱ्याला अळी ओळखता येईल, असे मी म्हणणार नाही. पण ती तळहातावर घेऊन काढलेले छायाचित्र शेतकऱ्यांच्या ग्रुपवर पडले, की पन्नास कोसांवरील कीटकशास्त्राचा जाणकार त्याच संध्याकाळी सांगू शकतो की हीच ती, आणि फवारणी पोंग्यात झाली पाहिजे, पानावरून नुसती नोझल फिरवून उपयोग नाही. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात. तो येईपर्यंत अळी पोंग्यात खोल जाते आणि मग कोणतेही औषध तिला पोहोचत नाही. या ठिकाणी वेळ हेच पीक आहे, आणि ती वेळ वाचविणारे साधन नीट हाताळण्याचे शिक्षण देणे हे मला कृषिविस्ताराचे अंगभूत कर्तव्य वाटते.

संशयी : अळीचे उदाहरण मी निःसंकोच मान्य करतो, आणि ते इतके चांगले का आहे तेही सांगतो. तो प्रश्न निसर्गाने घातलेला आहे, त्याला एक निश्चित उत्तर आहे, आणि त्याचा पुरावा छायाचित्रातच सामावलेला आहे. पण ज्यांना आपण विकासाचे प्रश्न म्हणतो त्यांतील बहुतेक या जातीचे नसतात. बंधारा कोणाच्या शिवारात व्हावा, घरकुलाच्या यादीतून कोणाचे नाव गळाले, टँकरचे पाणी वस्तीवर आधी जावे की गावठाणात, यांचा पुरावा कोणत्या छायाचित्रात मावतो? आणि छायाचित्राच्या सामर्थ्याविषयी बोलायचे तर त्याच २०१८ सालची दुसरी घटना आपल्याला विसरता येणार नाही. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशा चित्रफिती आणि मजकूर मोबाईलवरून गावोगाव पसरले होते, आणि १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. भिक्षेवर जगणाऱ्या त्या माणसांची ओळख पटविण्याची तसदी कोणी घेतली नाही, कारण जमावाच्या मते ती ओळख मोबाईलने आधीच पटविली होती. ज्या मार्गाने आपल्या अळीचे चित्र गेले, त्याच मार्गाने हेही गेले. त्या महिन्यात व्हॉट्सॲपच्या कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पण ती संख्येची मर्यादा होती, विवेकाची नव्हे. आपल्या मसुद्यात पाठवावे कसे याचे पाठ आहेत. थांबवावे कसे याचा एकही पाठ मला आढळला नाही.

पुरस्कर्ता : राईनपाड्याचा उल्लेख झाल्यावर कोणालाही घाईने उत्तर देता येऊ नये, आणि मीही देणार नाही. मसुद्यात तो पाठ नाही ही उणीव मोठी आहे. पण त्या उणिवेवरून शिक्षणच नको असा निष्कर्ष निघत नाही. ती माणसे मारली गेली त्या दिवशी त्या परिसरातील कोणत्याही शिक्षकाने, कार्यकर्त्याने वा अधिकाऱ्याने आलेल्या मजकुराचा मूळ धनी कोण, हे विचारण्याची सवय लोकांना लावलेली नव्हती. यंत्र आले आणि सवय आली नाही, असे त्या अनर्थाचे स्वरूप होते. म्हणून शिक्षण म्हणजे काय, याविषयी मी आपल्याला अधिक जुन्या आणि मला अतिशय प्रिय असलेल्या एका प्रयोगाकडे नेऊ इच्छितो. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत वीसएक माणसांचे एकेक मंडळ स्थापन झाले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ही मंडळी एकत्र बसून ऐकत, आणि खरे काम रेडिओ बंद झाल्यावर सुरू होई. ऐकलेल्यावर चर्चा चाले, शंका लिहून काढल्या जात, त्या केंद्राकडे रवाना होत आणि पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेले प्राध्यापक पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली, आणि तिची आखणी मला फार मार्मिक वाटते. श्रोतृमंडळ असलेली गावे त्यांनी दोन प्रकारच्या गावांशी ताडून पाहिली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काहींत रेडिओही नव्हता. ज्ञानाची भरीव वाढ मंडळांच्या गावांत झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांची प्रगती त्यांच्याजवळपासही आली नाही. पुढे अर्धशतकानंतर, २००६ साली, बंगळूर येथे रिकिन गांधी यांनी आरंभिलेल्या डिजिटल ग्रीनच्या कामातही हेच सूत्र दिसते. गावच्याच शेतकऱ्याची गावच्या बोलीतील चित्रफीत लहान गटापुढे दाखवावयाची, गावातलीच एक व्यक्ती ती मध्येच थांबवून प्रश्न विचारणार, उत्तर आल्यावर पुढे चालविणार, आणि कोणी ती रीत आपल्या शेतात करून पाहिली याची नोंद ठेवणार. हे थांबविणे शिकविणारा वर्ग मला हवा आहे. कोणती कळ कोठे दाबावी, हे कार्यकर्त्याचा शाळकरी मुलगाही त्याला दाखवील.

संशयी : आता आपण मसुदा सोडून त्याहून चांगल्या गोष्टीविषयी बोलू लागला आहात, त्याचा मला आनंद आहे. पण याची परिणती पाहा. श्रोतृमंडळ हेच जर मर्म असेल, तर यंत्र दुय्यम ठरते, आणि दुय्यम वस्तूच्या नावाने वर्ग भरविण्याचे प्रयोजन उरत नाही. शिवाय १९५६ च्या रेडिओसमोर माणसांना एकत्र बसावेच लागे. गावात यंत्र एक, म्हणून बैठकही एक. आजचे यंत्र ज्याच्या त्याच्या हाती आहे, आणि ज्याच्या हाती नाही त्याला ते बाहेर ठेवते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे आढळला. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३३ टक्के, आणि ग्रामीण भागात त्या पाव हिश्श्याच्या आसपास. बचत गटाच्या सचिवाने ग्रुपवर हप्त्याची आठवण टाकली, की कित्येक घरांत ती प्रथम मुलगा वाचतो, मग नवरा, आणि सर्वांत शेवटी, त्यांना वाटले तर, ती बाई; तिने कर्ज कशासाठी काढले हे घरात कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, हा तिचा अधिकार त्या एका संदेशाने संपतो. ग्रामसभेचेच घ्या. पूर्वी कोतवाल दवंडी देई, चावडीवर नोटीस लागे. आता ग्रामसेवक गावाच्या ग्रुपवर विषयपत्रिका टाकतो, आणि हळूहळू दवंडी बंद पडते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा भरावी असा दंडक आपल्या राज्यात आहे. तिची सूचना नवऱ्याच्या मोबाईलवर पोहोचली म्हणजे ती दिली गेली, असे समजावयाचे काय? वस्तीवरची विधवा म्हातारी, वीटभट्टीवर गेलेले कातकरी, ओढ्याकाठी पाल ठोकलेले कुटुंब यांना आधीच कोणी विचारीत नव्हते. आता त्यांना न विचारण्याला एक सभ्य सबब मिळाली.

पुरस्कर्ता : दवंडी बंद पडू देणे हा अपराध आहे, आणि ग्रुप ही दवंडीची जागा घेणारी वस्तू नव्हे, हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावे असे मी म्हणेन. पण वीटभट्टीवर गेलेल्यांचे नाव आपण घेतलेत म्हणून विचारतो, त्यांच्यापर्यंत दवंडी केव्हा पोहोचत होती? बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेली जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मधल्या काळात त्यांच्या गावी जे ठराव होतात, ज्या याद्या लागतात, रेशनकार्डाच्या ज्या पडताळण्या होतात, त्या सर्व त्यांच्या गैरहजेरीत होतात. फडात, कोयत्याशेजारी, पदरात गुंडाळलेला जो मोबाईल असतो तो त्यांना गावाशी बांधणारा एकमेव दुवा आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लिपीची अट काढून टाकता येते, हेही सिद्ध झालेले आहे. २०१० साली छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने सीजीनेट स्वर नावाची व्यवस्था उभी केली. त्यात साध्या फोनवरून एका क्रमांकाला लावावे, आपल्या भाषेत, अगदी गोंडीतसुद्धा, आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करावे. ते तपासून झाल्यावर इतरांना त्याच क्रमांकावर ऐकता येते. रोजगार हमीची मजुरी थकली, हातपंप बंद पडला, अशी तक्रार माणूस स्वतःच्या आवाजात सांगतो, संबंधित अधिकाऱ्याचा फोनक्रमांकही सांगतो, आणि दूरच्या शहरातील ऐकणारा त्या अधिकाऱ्याला फोन करतो. वर्षानुवर्षे कचेरीच्या ओट्यावर बसून परत येणाऱ्या माणसाची गोष्ट एकदम दहा ठिकाणी ऐकली जाते, हे सामान्य नव्हे.

संशयी : सामान्य नव्हे, हे खरे. पण कचेरीच्या ज्या ओट्याविषयी आपण बोललात, तेथे एक आवक नोंदवही असते, आणि तिच्याविषयी मला आपल्याहून अधिक आस्था वाटते. अर्ज दिला की त्यावर शिक्का, तारीख आणि क्रमांक पडतो. तो क्रमांक म्हणजे गरिबाच्या हातातील दस्तऐवज आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो पुढे करून माझ्या अर्जाचे काय झाले, असे त्याला विचारता येते. गटविकास अधिकाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या तक्रारीपुढे फार तर दोन निळ्या खुणा उमटतात. वाचले, एवढे त्यावरून कळते. दखल घेण्याचे बंधन त्या खुणांतून निर्माण होत नाही. उलट दिशेने मात्र हे साधन अत्यंत बंधनकारक झाले आहे. वरून खाली येणारी प्रत्येक आज्ञा आता ग्रुपवर येते, रात्री येते, आणि तिचे उत्तर छायाचित्राने द्यावे लागते. २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. यंत्रे निकृष्ट, दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्याच माथी, आणि ज्या ॲपवर नोंदी करावयाच्या ते मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्या क्षेत्रातील संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. बैठकीला बाया जमतात. सतरंजी घातली जाते. फलक दोन टोकांनी धरण्यासाठी दोघींना उभे केले जाते. मागच्या रांगेतील बाईला पदर नीट करून पुढे सरकावयास सांगितले जाते. छायाचित्र निघते, ठिकाण आणि वेळ त्यावर उमटते, आणि ते ग्रुपवर गेले म्हणजे बैठक झाली. चर्चा व्हावयाची राहिली तरी अहवालात काहीच उणे राहत नाही. आणि कुपोषित बालकाचे वजन करतानाचे छायाचित्र शेकडो माणसांच्या ग्रुपवर टाकताना त्याच्या आईला कोणी विचारले? तिचे दारिद्र्य ही तिची खाजगी गोष्ट आहे, आपल्या कार्याचा पुरावा नव्हे. या विषयी मला फार तीव्रतेने वाटते, म्हणून स्वर चढला असेल तर क्षमा असावी.

पुरस्कर्ता : क्षमा कशाची मागता? आईला विचारल्याशिवाय मुलाचे छायाचित्र काढू नये, आणि तिने होकार दिला तरी ग्रुपवर टाकू नये, हा नियम मी आजच मसुद्यात लिहितो. आवक क्रमांकाविषयी आपले म्हणणे पूर्णपणे ग्राह्य आहे. ग्रुपवर आलेली प्रत्येक तक्रार त्याच दिवशी कागदावर उतरवून कचेरीत दाखल करावी आणि मिळालेला क्रमांक परत ग्रुपवर टाकावा, म्हणजे आवाज आणि दस्तऐवज यांची सांगड बसेल. पण मी एक प्रश्न विचारतो. आपण कार्यकर्त्यांना हे शिकविले नाही, तर ते रान मोकळे राहणार आहे काय? बनावट बियाण्याची जाहिरात, मुळव्याधीपासून कर्करोगापर्यंत सर्व रोगांवरचे एकच चूर्ण, एका समाजाने दुसऱ्याविषयी धरावयाचा संशय, हे सर्व पसरविणारे लोक या विद्येत केव्हाच पारंगत झालेले आहेत. आशा सेविका लसीकरणाविषयी घरोघर जाऊन सांगते, आणि ती उंबऱ्यातून बाहेर पडण्याच्या आत तिच्या म्हणण्याचे खंडन करणारी चित्रफीत त्या घरात वाजू लागते. अशा वेळी त्या चित्रफितीला तिच्याच बोलीत, तिच्याच गावच्या आईच्या तोंडून उत्तर कसे द्यावे, हे आशा सेविकेला शिकवू नये, असे म्हणणारा तटस्थ राहत नाही. तो दुसऱ्या पक्षाची सोय करतो.

संशयी : शिकवू नये असे मी आता म्हणत नाही, ते म्हणणे आपण माझ्याकडून काढून घेतलेत. पण माझी अडचण त्यामुळे संपली नाही, नेमक्या जागी येऊन ठेपली आहे. श्रोतृमंडळाच्या शंका कागदावर होत्या. तो कागद गावात होता, केंद्रात होता, आणि म्हणून न्यूराथ यांना पाहणी करता आली. ग्रुपची स्मृती कोणाच्या दप्तरात राहते? ती कंपनीच्या यंत्रांवर आणि ग्रुप चालविणाऱ्याच्या मोबाईलवर राहते. कार्यकर्त्याने नोकरी सोडली, मोबाईल हरवला, की पाच वर्षांतील शेकडो शेतकऱ्यांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे गावाच्या हातून जातात. हा दोष वही ठेवून काही अंशी भरून काढता येईल, असे आपण म्हणाल. पण दुसरा दोष कसा भरून काढणार? गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट चालविले आणि ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत पाळली. सर्वसहमतीचा प्राण कशात आहे? कोणी गप्प बसले आहे हे दिसण्यात. तो गप्प माणूस समोर असतो, त्याचा चेहरा सांगतो की त्याला हे मान्य नाही, आणि मग कोणी तरी त्याला बोलते करते, निर्णय पुढच्या बैठकीवर जातो. ग्रुपवर ठराव टाकला, तीस जणांनी अंगठा दाखविला, उरलेले दोनशे गप्प राहिले. ते संमत आहेत, की विरुद्ध आहेत, की घाबरले आहेत, की त्यांनी वाचलेच नाही? हे मौन वाचावयास आपला वर्ग कसे शिकविणार?

पुरस्कर्ता : याचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही. एवढेच सुचते की ठराविक मुदतीने ग्रुपमधील नावांची यादी काढावी, कोण कधीच बोललेले नाही ते पाहावे, आणि कार्यकर्त्याने त्यांच्या घरी जावे. जे ग्रुपमध्येच नाहीत त्यांची यादी निराळी करावी आणि त्यांच्या घरी आधी जावे. यंत्राने वाचविलेला वेळ तेथे खर्च व्हावा; एरवी तो वाचून तरी कोणाच्या कामी येणार?

संशयी : मग हे कलम म्हणून मसुद्यात घाला. ग्रुप चालविणाऱ्याने न बोलणाऱ्यांची आणि नसलेल्यांची नोंदवही ठेवावी, ती गावात राहावी, आणि त्यांच्या घरी जाण्याचा प्रवासभत्ता अंदाजपत्रकात धरावा. हे कलम राहिले तर वर्गाला माझी संमती आहे.

पुरस्कर्ता : कलम घालतो. पण त्याने एका कार्यकर्त्याच्या वाट्याची गावे निम्म्यावर येतील, आणि ज्यांच्याकडून निधी यावयाचा आहे त्यांच्या अर्जात पहिलाच रकाना आहे, किती लोकांपर्यंत पोहोचलात. त्या रकान्यात आपली ही नोंदवही कोठे बसवावी, हे मला अजून उमगलेले नाही.

संशयी : तो रकाना ज्यांनी आखला त्यांनाही वर्गाला बोलवा.